नेम कुणी मोडला?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही — ती गेली, तिला ठाऊक नव्हतं. पोराला नाही. देवीपुढं उभा राहून कितीदा तोंड उघडलं आणि परत मिटलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखत असता, तर सांगितलं नसतं. एवढं पहिल्यांदाच कबूल करतो.

शाळा माझी तिसरीपर्यंत. लिहिताना हात अडतो. पण आज अडतोय तो अक्षरासाठी नाही, भीतीनं अडतोय. या वयात कसली भीती, म्हणाल. थांबा. सांगतो.

मी शिराळ्याकडचा. आमच्याकडं नागपंचमीला मातीचा नाग नसायचा, जिवंत असायचा. आधी देवीला कौल लावायचा, मग गल्लीगल्लीतली मंडळं रानात उतरायची. नाग धरायचा, मडक्यात ठेवायचा, पंचमीला पुजायचा, ट्रॅक्टरवरनं मिरवायचा, आणि जिथनं आणला तिथंच नेऊन सोडायचा. आमच्या मंडळाचा म्होरक्या मी. पोरं मला तात्या म्हणायची. नव्वद सालाच्या आसपास त्या भागात कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं — तात्याच्या हातात नाग गार पडतो.

हे खोटं होतं. म्हणजे — आधी खरं होतं. मग खोटं झालं.

एका साली उसाच्या बांधावर गवत बाजूला सारायला वाकलो, आणि तो माझ्या तोंडासमोर उभा राहिला. फणा काढून. वीतभर अंतर. चावला नाही. बघितलं माझ्याकडं, खाली बसला, गेला निघून. पोरं म्हणाली, "तात्यास्नी देवानं दर्शन दिलं!" मी हसलो. पण माझं काय झालं होतं ते माझ्या धोतराला कळलं होतं. गवत ओलं होतं म्हणून निभावलं.

तवापासनं मी भितो. नुसता नागाला नाही — अंगणात पडलेल्या दोरीला, सायकलच्या ट्यूबला, पायाला लागलेल्या पदराला. छाती अशी धडधडायची की वाटायचं शेजारच्याला ऐकू जाईल. तवाच सांगायला नको होतं का? गड्यांनो, मी भ्यालोय, आता मला मागं राहू द्या — एवढं म्हणायला काय जातं? पण ज्या माणसाला गावात जमीन थोडी, शिक्षण नाही, आणि मान मात्र एवढा एकाच गोष्टीचा — तो माणूस ते म्हणतो का? मी नाही म्हटलं.

त्याऐवजी मी युक्ती काढली. म्हटलं, "आता तुमी शिका रं. मी किती दिस पुरणार?" पोरं खूश. तात्या आपली विद्या वाटतोय! मी काठी घेऊन लांब उभा राहायचो आणि हुकूम सोडायचो. धरायची ती पोरं. त्यांना वाटायचं मोठं मन आहे. मोठं मन!

आता ही पोरं कोण होती, ते सांगितल्याशिवाय पुढचं तुम्हाला कळणार नाही. कुणी दहावीत गटांगळी खाल्लेला. कुणी भरतीला तीनदा जाऊन छातीत कमी पडून परत आलेला. घरात बाप म्हणायचा, नुसता कोंडवाड्यातला रेडा. पण मंडळाच्या कट्ट्यावर आला की तोच पोरगा कुणीतरी असायचा. सगळ्यांचे केस मागनं मानेवर वाढवलेले, सगळ्यांच्या अंगात पिवळी बनियन, छातीवर फणा छापलेला. चालायची पण एकसारखी, जरा खांदे उडवत. ज्यानं पहिला नाग धरला त्याच्या मनगटात मंडळाकडनं पितळी कडं. ते कडं मी घालायचो. ज्याच्या हातात कडं नाही त्यानं कट्ट्याच्या खालच्या पायरीवर बसायचं. आज हसू येतं. पण त्या पायरीवर बसलेल्या पोराचं तोंड तुम्ही बघितलंय का?

आणि नेम. कौल मिळाल्यापासनं पंचमीपर्यंत मटण-मासळी नाही, दारू नाही, गादीवर झोपणं नाही. जो नेम पाळतो त्याला नाग काही करत नाही. आणि ज्याला चावला — त्यानं नेम मोडला. दुसरं कारणच नाही. साक्षीदार लागत नाही, पुरावा लागत नाही, नागानं दात लावला म्हणजे निकाल लागला. हे पोरांना सगळ्यात मोठ्या आवाजात कोण सांगायचं? मीच.

त्यात दिलीप आला.

दिलीप आटपाडीकडचा. बाप वारला, आईनं त्याला आमच्या गल्लीत मामाकडं आणून सोडला. पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा, काळा, काटकुळा, बोलणं कमी. पोरांनी त्याचं नाव ठेवलं दुष्काळ्या. "ए दुष्काळ्या, तुमच्याकडं आंघूळ पाण्यानं करत्यात का धुळीनं?" तो पण हसायचा. दोन वर्षं खालच्या पायरीवर बसून हसत होता. मग एके दिवशी भुईमुगाच्या रानात सगळी पोरं नुसती ओरडत राहिली, आणि यानं शांतपणे जाऊन नागाची शेपटी धरली, जशी आपण म्हशीची दोरी धरावी तशी. त्याचा हात हालत नव्हता. खरंच नव्हता. मी लांबनं बघत होतो, आणि — हे पण सांगतो — मला त्याचा राग आला.

कडं घातलं त्याला. त्या दिवसापासनं दुष्काळ्या कुणी म्हटलं नाही. दिलीप म्हणायला लागले. पोरांनी त्याचे केस पण मागनं आपल्यासारखे राखायला लावले. त्याचा मामा मला म्हणाला, "तात्या, पोरगं आता घरात मान वर करून जेवतंय." मी म्हटलं, मंडळाची कृपा.

आता येतोच मी तिथं. टाळत नाही.

पंचमी चार-सहा दिवसांवर आली होती. बाकीची पोरं ओढ्याच्या पलीकडं गेली होती, दिलीप आणि मी अलीकडच्या बांधावर. वारुळाशी मोठा नाग सापडला. एवढा मोठा त्या साली कुणी धरला नव्हता. दुसरं कुणी असतं तर मी नेहमीसारखा मागं राहिलो असतो. पण दोघंच. एकानं शेपटी धरायची, दुसऱ्यानं मडक्याचं तोंड पुढं करायचं आणि काठीनं फणा आत वळवायचा. मडकं ज्याच्या हातात असतं त्यानं हालायचं नसतं. शेपटी धरणारा त्याच्या भरवशावर असतो. हे मीच शिकवलेलं.

नाग अर्धा आत गेला. मग आत काय वाटलं त्याला कुणास ठाऊक, उलटा फिरला, आणि मडक्याच्या तोंडातनं वर आला. माझ्याकडं. तोच फणा. तेच डोळे. मला वाटलं हा तोच आहे, मला शोधत आलाय.

मी मडकं टाकलं आणि पळालो.

लिहिलं. एवढंच होतं. एवढ्यासाठी इतकी वर्षं गेली.

किती पळालो? पुढच्या बांधापर्यंत. चप्पल राहिली मागं. तिथं थांबून वळून बघितलं तर मडकं फुटलेलं, नाग उसात शिरत होता, आणि दिलीप खाली बसला होता, उजवं मनगट डाव्या हातात धरून. चावेपर्यंत शेपटी त्यानं सोडली नव्हती हो. मी सांगितल्याशिवाय सोडायची नाही, असं शिकवलेलं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि काय ओरडला, माहीत आहे? "तात्या, तुमाला लागलं न्हाई न्हवं?"

मी परत गेलो. धोतर फाडून दंडाला बांधलं. सायकलवर बसवून रस्त्यावर आणला, तिथनं जीप मिळाली. सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. हात कोपरापर्यंत टम्म सुजला, कडं मांसात रुतलं, ते कापून काढावं लागलं. पोरगा वाचला. दोन बोटं गेली.

पण तो वाचणार की नाही हे कळायच्या आतच, दवाखान्याच्या व्हरांड्यात, मंडळाची सगळी पोरं माझ्याभोवती उभी होती. पिवळ्या बनियनी. मग एक जण म्हणाला, "तात्या, नेम कुणी मोडला?"

नाग पुढ्यात उभा राहिला तवा जेवढा भ्यालो नाही तेवढा मी त्या क्षणाला भ्यालो. ती पंधरा-वीस तोंडं. ती माझ्याकडंच बघत होती, आणि मला वाटलं यांना कळलंय. अनवाणी पाय दिसतायत यांना. आता एक जण म्हणणार, तात्या, तुमची चप्पल कुठाय? आणि मग मी कोण? कट्ट्यावर कुठल्या पायरीवर बसायचं मी? पन्नाशीला आलेला माणूस, पोरांच्या टोळीत जागा जाईल म्हणून थरथरत होता.

आणि मी म्हटलं, "मला काय इचारता? त्याच्या मामाच्यात आयतवारी काय शिजलं हुतं, ते इचारा."

बास. त्यानं मटण खाल्लं असं मी म्हटलं नाही. तेवढा हुशार होतो. काय शिजलं होतं ते सगळ्या गल्लीला वासानं कळलं होतं. मामाकडं मुंबईचे पाहुणे आले होते. एक पोरगा म्हणाला, "तरीच!" दुसरा म्हणाला, "दुष्काळ्या तो. मटण दिसल्यावर कुठला दम निघतोय!" तोच शब्द परत आला. बघता बघता आला. त्याचा हात अजून आत डॉक्टरांच्या हातात होता.

आणि आता जे सांगतो ते सगळ्यात वाईट. त्या आयतवारी मी त्याच्या मामाच्या अंगणात होतो. पाण्याच्या पाळीचं विचारायला गेलो होतो. पाहुणे पंगतीला बसलेले, आणि दिलीप जोत्याच्या कडेला, पंगतीकडं पाठ करून, चटणी आणि भाकरी खात होता. मामीनं रश्शाची वाटी पुढं केली तर म्हणाला, "मामी, मंडळाचा नेम हाय." मला बघून जरा लाजला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली होती.

तो परत आला तवा पंचमी होऊन गेली होती. हात गळ्यात बांधलेला. कट्ट्यावर आला आणि सवयीनं वरच्या पायरीकडं निघाला. एकानं पाय आडवा केला. "खाली बस. नेम मोडलेल्यानं वर चढायचं न्हाई." दिलीप म्हणाला, "म्या मोडला न्हाई." पोरं हसली. मग तो म्हणाला, "तात्यांस्नी इचारा."

सगळे माझ्याकडं वळले. तो पण. त्याच्या डोळ्यात राग नव्हता — राग असता तर बरं झालं असतं. त्याला खात्री होती. तात्या आता सांगणार म्हणून नुसता उभा होता.

मी म्हटलं, "मंडळ म्हणंल ते."

मी पळालो हे त्यानं डोळ्यानं बघितलं होतं. एक शब्द काढला असता तर माझं सगळं संपलं असतं. नाही काढला. का नाही काढला? इतकी वर्षं मी हाच विचार करतो आणि घाम फुटतो. आठवड्याभरात तो गाव सोडून गेला, आटपाडीच्या बाजूला, आईकडं.

मी तात्याच राहिलो. दर पंचमीला ट्रॅक्टरवर उभा, गळ्यात हार, शेजारी कुणीतरी पोरगा नाग धरून. आणि दर साली गर्दीत मी त्याला शोधायचो, आला तर नाही ना, बोलणार तर नाही ना. पुढं कायद्यानं जिवंत नाग धरणं बंद केलं. गाव चिडलं. मोर्चात सगळ्यात पुढं मी होतो, सगळ्यात मोठी घोषणा माझी. आणि आतनं असा सुटलो होतो की रडू येईल.

पण ते बंद व्हायच्या आधीच तो मला एकदा भेटला. कवठे महांकाळच्या स्टँडवर. मी कुणाच्या तरी लग्नाला निघालो होतो. मागनं हाक आली, "आवं तात्या!" वळलो तर दिलीप. अंगानं भरलेला, केस बारीक कापलेले, कडेवर चार-एक वर्षांची पोरगी. वाकून पाया पडला. पोरीला खाली ठेवून म्हणाला, "पाया पड. हे तात्या. आमच्या मंडळाचं म्होरकं. ह्यांनी मला नाग धरायला शिकवलं." आमच्या मंडळाचं, म्हणाला.

पोरीनं त्याचा उजवा हात धरला होता, राहिलेली तीन बोटं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. म्हणाली, "शिकवलं तर मग चावला कसा?"

मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. आता बोलेल. आता. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पोरीच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "माझंच चुकलं, बाय. म्या नेम मोडला हुता."

एस.टी. लागली. मी पोरीच्या हातावर खाऊला पैसे ठेवले आणि चढलो. खिडकीतनं हात पण केला.

ती पोरगी आता बाई झाली असेल. तिला तेवढंच ठाऊक आहे. तिच्या बापानं नेम मोडला नव्हता.