संपतच्या पिकपची थंड हवा

भाड्याची वाट बघत गाड्या उभ्या असल्या की ड्रायव्हर लोक बोलण्याशिवाय दुसरं करणार काय? एकानं एक सांगितलं की दुसऱ्याला दोन आठवतात. आळेफाट्याच्या आमच्या पिकप स्टँडवर अशा गोष्टींचा ढीग साचलाय. बऱ्याच मी विसरलो. पण दोन हजार सालानंतर 'थंड हवेच्या फिल्टर'चं जे वेड आलं, ते आठवलं की आजही डोकं तापतं!

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाला हवा लागते. कंपनी ती एका बंद पेटीत, फिल्टरमधून गाळून देते. पुण्यातल्या एका अ‍ॅक्सेसरीवाल्या शेठनं आमच्या लोकांच्या डोक्यात भरवलं, की ती पेटी काढा, हा उघडा चकचकीत फिल्टर बसवा, इंजिनाला थंड हवा मिळेल आणि गाडी सुसाट पळेल. अरे, पण आम्ही नेतो काय? टोमॅटो! टोमॅटोला शर्यतीत उतरवायचंय का?

पहिला बळी पिंपळवंडीचा संपत. नवाकोरा पिकप, हप्ते चालू, आणि हा पुण्याहून फिल्टर बसवून स्टँडवर हजर. बॉनेट उघडून आम्हाला दाखवतोय. लालभडक टोपीसारखं काहीतरी.

"हवा जेवढी थंड, तेवढी गाडीत पावर जास्त," संपतनं शेठचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं.

मढचा मिलिंद आमच्यातला सगळ्यात कमी बोलणारा. काचेवर 'जय भीम' लिहिलेला त्याचा पिकप कायम पुसून लख्ख. तो शांतपणे म्हणाला, "आसं व्हय? मंग थंडीत माझी गाडी इमानावानी उडायला पायजे. ती तर धक्का मारल्याबिगर सुरू व्हत न्हाई राव!"

सगळा स्टँड हसला. संपत चिडून म्हणाला, "तुमाला टेक्निकल कळत नाय!"

*

एक गोष्ट मात्र झाली. गाडीचा आवाज वाढला! रेस दिली की नुसती डरकाळी. संपतला वाटायचं, हीच पावर.

एकदा खताच्या गोण्या भरून आम्ही आणे घाट चढत होतो. मी त्याच्या शेजारी बसलो होतो. आवाज एवढा, की मी काय बोलतोय ते मलाच ऐकू येईना. संपत खूश. तेवढ्यात मागून विटा भरलेला एक ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर! तो आम्हाला हळूहळू, अगदी निवांत ओलांडून गेला. जाताना ड्रायव्हरनं मान बाहेर काढून ओरडून सांगितलं,

"भाऊ, तुमचा आवाज पोचला वर! तुमी कवा येताय?"

*

संपतची बायको सुनंदावहिनी. शेतातला माल गाडीत तीच भरून घ्यायची, त्यामुळं गाडीवर तिचा हक्क संपतइतकाच. एके दुपारी बाजारातून गाडी घरी आली, तशी तिनं बॉनेट उघडायला लावलं. म्हणाली, "बघू तरी तुमची थंड हवा."

फिल्टर बसवला होता कुठं? तर थेट तापलेल्या इंजिनाच्या उरावर! भोवती सगळी भट्टीची हवा. कंपनीची पेटी निदान बाहेरची हवा घेत होती. वहिनीनं हात जवळ नेला आणि झटकन मागं घेतला.

"आवो, ही थंड हवा? हिच्यावर माझ्या भाकरी शेकत्याल की!"

मी तिथंच होतो. संपतनं रागानं बॉनेट आपटलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस शहाणा होईल. छे!

*

मधेच बबनचं सांगतो. बबन आणे पठारावरचा. संपतचं बघून यानंही तसलाच फिल्टर बसवला. आता पठारावरच्या कच्च्या रस्त्याची धूळ ज्यानं पाहिली नाही, त्याला काय सांगणार? पुढं गाडी असली की मागच्याला रस्ताच दिसत नाही.

हा फिल्टर म्हणे धुवायचा आणि वर खास तेल लावायचं. शेठनं दिलेली तेलाची बाटली संपली. पुण्याला कोण जातंय? बबननं घरातलं शेंगदाण्याचं तेल चोपडलं! त्याची गाडी स्टँडवर आली की भज्यांचा वास सुटायचा. आम्ही विचारायचो, "बबन, एक प्लेट कितीला?"

पण हसलो ते तेवढंच. धूळ इंजिनात जात राहिली. ऐन कांद्याच्या हंगामात गाडी काळा धूर ओकायला लागली, चढाला धापा टाकायला लागली. इंजिन खोललं तर आतून पार घासून गेलेलं. तो अख्खा हंगाम बबन दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून राबला. हे सांगायला शेठला फोन केला, तर तो म्हणाला,

"फिल्टर चांगलाच आहे हो. तुमच्याकडची धूळ खराब आहे!"

ऐकलंत? धूळ खराब!

*

इकडं वहिनीचं बोलणं संपतला लागलं होतं. तो परत त्याच शेठकडं गेला. शेठ म्हणाला, "बरोबर आहे, अर्धंच काम झालंय. आता पाइप लावू. फिल्टर खाली बंपरपाशी नेऊ. तिथं खरी थंड हवा!" लावला पाइप. पावसाळा तोंडावर आलेला.

मढच्या बाजूला पाऊस कसा पडतो, ते माळशेजला जाणाऱ्या-येणाऱ्यांना विचारा. भाताच्या लावणीत मिलिंदचे चुलते, लक्ष्मणतात्या, बांधावरनं घसरले आणि त्यांचा पाय मोडला. मिलिंद भाडं घेऊन मुंबईला गेलेला. संपत खत उतरवायला मढला आला होता. त्यानं एका शब्दानं तात्यांना गाडीत घेतलं. माणूस मनाचा चांगला, त्याबद्दल वादच नाही. मागं गादी टाकून तात्यांना झोपवलं, वर ताडपत्री धरून दोन माणसं बसली, आणि गाडी जुन्नरच्या दवाखान्याकडं निघाली.

वाटेत ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलेलं. फार नव्हतं, बंपरला लागेल एवढंच. पुढची जीप त्यातनं आरामात गेली. संपतनं गाडी घातली, आणि मधोमध 'ठक्' असा आवाज होऊन गाडी बंद! खाली लोंबणाऱ्या फिल्टरनं हवेऐवजी पाणी ओढलं होतं. इंजिनातला रॉड वाकला. वरनं पाऊस, खालनं पाणी, मधे पाय मोडलेला म्हातारा!

संपत पाण्यात उतरून गाडी ढकलायला लागला. तो रडकुंडीला आलेला. तात्या कळ सोसत ताडपत्रीतनं डोकं बाहेर काढून म्हणाले,

"आरं, माझा एकच पाय मोडलाय. तुझ्या गाडीचं तर चारीबी ग्येलं!"

शेवटी शेतातला एक ट्रॅक्टर आला, त्यानं गाडी ओढून काढली. तात्यांना दुसऱ्या जीपनं दवाखान्यात पोचवलं. पाय बरा झाला, पण तात्या थोडे लंगडतातच. मिलिंद मुंबईहून आला, सगळं ऐकलं. फक्त संपतच्या गाडीचं बॉनेट उघडून बघत उभा राहिला. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर संपतला बरं वाटलं असतं.

*

इंजिन दुरुस्त झालं. संपत म्हणाला, "आता कंपनीची पेटीच बसवायची." पण ती होती कुठं? फिल्टर बसवताना शेठच्याच दुकानात सोडून आलेला! नवी मिळेना. मग मी आणि संपत पुण्याला त्याच दुकानात गेलो. दुकानात ही गर्दी, सगळे असेच थंड हवेचे गिऱ्हाईक. शेठनं संपतला ओळखलंच नाही.

"ओरिजनल पेटी? एकच पीस आहे," म्हणत त्यानं माळ्यावरनं पेटी काढली, फडक्यानं पुसली आणि काउंटरवर ठेवली. किंमत अशी सांगितली, की माझं रक्तच उसळलं.

मी पेटी उलटी केली. झाकणाच्या कडेला खंडेनवमीच्या गाडीपूजेत सुनंदावहिनीनं ओढलेली कुंकवाची पाच बोटं तशीच होती!

मी तोंड उघडणार, तेवढ्यात संपतनं माझा दंड दाबला.

शेठ म्हणाला, "बघताय काय? घेऊन टाका. नशीब तुमचं. गावाकडचा कुणीतरी येडा नवीकोरी काढून टाकून गेला, म्हणून मिळतीय."

संपतनं पैसे दिले, पेटी काखेत मारली आणि म्हणाला,

"त्यो येडा परत आला, तर त्याला माझा रामराम सांगा."