अर्ध्या गतीचा पाळणा

बीबी गावच्या बाजारात सहदेवचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. लग्न असो, निवडणूक असो, गर्दीत तो असायचाच. कार्यक्रम संपून वायरी गुंडाळल्या की मात्र तो एकटाच घरी जाई. बायको जनकाबाई वारली होती. एकुलती मुलगी अन्नपूर्णा जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, वरवट बकालला दिलेली.

एकदा टेपरेकॉर्डर दुरुस्त केल्यावर, चालतो का पाहायला म्हणून, त्यानं जनकाबाईला समोर बसवून पाळणा गायला लावला होता. तिचा तेवढाच आवाज मागं उरला. एकट्यानं जेवताना तो ते रीळ लावून बसे.

अन्नपूर्णेला मुलगी झाली. तिनं निरोप धाडला की बारशाला आईचाच पाळणा पाहिजे. तिचं लग्न आई गेल्यावर झालेलं. सासरच्यांनी आईला कधी पाहिलंच नव्हतं. त्या घरात अजून लाइट नव्हती. दिराजवळ बॅटरीचं छोटं यंत्र होतं, पण त्यात तळहाताएवढंच रीळ बसे. पाळणा त्यात मावणार नव्हता.

सहदेव ब्लेड घेऊन बसला. टेप तिरकी कापायची, नको तो तुकडा काढायचा, टोकं चिकटवायची, हे त्याचं रोजचं काम. आधी खोकला काढला. मग दोन कडव्यांमधलं तिचं बोलणं आलं. ते काही त्याच्यानं कापवेना. खोकलाही त्यानं परत जोडला.

शेवटी जानराव नावाच्या दोस्ताचं यंत्र मागून आणून त्यानं अख्खा पाळणा छोट्या रिळावर अर्ध्या गतीनं उतरवला. गती अर्धी केली की टेप निम्मी लागते. ऐकताना फक्त बटण अर्ध्या गतीवर ठेवायचं. सहदेवच्या स्वतःच्या यंत्राला तसं बटण होतं. सगळ्याच यंत्रांना असतं, असं तो धरून चालला.

बारशाला सहदेव रीळ घेऊन गेला. बाया जमल्या. दिरानं रीळ चढवलं, आणि यंत्रातून बारीक, घाईघाईचा चिवचिवाट निघाला. त्या यंत्राला एकच गती होती, दुप्पट. बाया हसू लागल्या. अन्नपूर्णेची सासू शालूबाई पदर तोंडाला लावून व्याह्याला म्हणाली, "काऊन हो इवाई, आमची इहीन साळुंकीवानी बोले का?"

अन्नपूर्णा मान खाली घालून पाळण्याची दोरी धरून उभी होती.

सहदेव यंत्राजवळ बसला. फिरत्या रिळावर त्यानं अंगठा टेकवला, हलकेच दाबला. आवाज घसरत खाली आला, डगमगला, आणि एकाएकी घरात जनकाबाई गाऊ लागली. सूर जरा थरथरत होता, पण आवाज तिचाच. बायांचं हसणं थांबलं. शालूबाईनं पदर सारखा केला.

रीळ संपलं तशी अन्नपूर्णा जवळ येऊन बसली. "बाबा, तुम्ही गेल्यावर कोन दाबन?"

त्यानं रीळ पुन्हा लावलं आणि तिचा अंगठा आपल्या अंगठ्याखाली धरला. "लय दाबू नको. आवाज भारी झाला का ढिला सोड. आपोआप समजते."

थोड्या वेळानं त्यानं आपला हात काढून घेतला. आवाज हलला नाही. ती त्याच्याकडे न पाहता रिळाकडेच पाहत होती.

परतीच्या, शेगावच्या गाडीची वेळ झाली होती. त्यानं पिशवी उचलली. आत पाळणा चालूच होता.