पत्राचा फाटका कोपरा

नर्सिंगची परीक्षा पास झाले आणि तीनच महिन्यांत आफ्रिकेत, मोंबासाच्या एका इस्पितळात मला नोकरी लागली. सोलापुरात आमच्या चाळीत तेव्हा मुंबई पाहिलेली बाईसुद्धा नव्हती. आई गिरणीत कामाला, वडील मी लहान असतानाच गेलेले. घरात आम्ही दोघीच. तिने आधी समजावलं, मग दोन दिवस अबोला धरला आणि निघायच्या दिवशी उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "तितं गेलीस तर मला मेलीस, ध्यानात ठेव." मीही काही कमी फटकळ नव्हते. "बरं, मेले," म्हटलं आणि टांग्यात जाऊन बसले.

तिकडून मात्र दर पंधरा दिवसांनी पत्र टाकत होते. आईला अक्षरओळख नव्हती. पाकीट ती स्वतःच उघडायची, कागदावरून हात फिरवायची आणि मग शेजारच्या कारकून काकांकडे वाचायला न्यायची.

एका दुपारी ड्युटीवर असताना मी चोरून पत्र पुरं करत होते. तेवढ्यात एका पेशंटचा ताप बघायला बोलावलं. आकडा टिपायला हाताशी कागद नव्हता, म्हणून पत्राचाच कोपरा टरकन फाडला. संध्याकाळी पत्र तसंच पाकिटात घालून पेटीत टाकलं. कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे कोणीतरी गेल्याचं पत्र, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला ठाऊक नव्हतं थोडंच? पण अंगावर नवा पांढरा गणवेश चढला होता आणि कामाच्या घाईत ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

आईने पाकीट उघडलं आणि कुणाला काही न विचारता डोक्यावरून पाणी घेतलं. काका गिरणीतून येईपर्यंत ओल्या लुगड्यानिशी उंबऱ्याबाहेर बसून राहिली. काकांनी वाचून दाखवलं, "मी खुशाल आहे. इथे केळी फार गोड मिळतात." आई म्हणाली, "दादा, कशाला लपवताय? माजंच तोंड जळलं की."

त्यानंतर माझ्या एकाही पत्रावर तिने विश्वास ठेवला नाही. तिला बरं वाटावं म्हणून काका मनानेच काहीबाही वाचतात, अशी तिची खात्री झाली. काकांनी हे सगळं मला कळवलं आणि शेवटी लिहिलं, एकदा येऊन तोंड दाखवून जा. रजा मिळत होती. पण त्याच सुमारास मेट्रन मला वॉर्डाचा चार्ज देणार होती, तो माझ्याने सोडवेना. आईचं खूळ, निवळेल हळूहळू, असं म्हणून मी गणवेशात फोटो काढून घेतला आणि पाठवून दिला. केवढी हुशार वाटले होते मी मला!

दोन वर्षांचा करार संपवूनच परतले. स्टेशनवर काका एकटेच आले होते. आईला जाऊन वीस दिवस झाले होते. ते कळवणारं पत्र माझ्या बोटीला चुकवून मोंबासाला निघून गेलं होतं.

काकांनी आमच्या खोलीचं कुलूप काढलं. भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी माझा फोटो टांगलेला होता आणि त्याला हार घातलेला होता.

"दर सोमवारी ताजा हार घालायची," काका म्हणाले. "आजारपणातबी चुकली न्हाय."

फुलं पार वाळली होती. तो हार मीच उतरवला.