दारातले तांदूळ

त्या अंगणात मी होती, तापानं फणफणलेलं लेकरू होतं, त्याची माय होती, काका होता आन् आमच्या पास्टरची बायको होती. नव्या तांदळाचा वास आला का मले तेच दिसते. आमच्या चर्चमधल्या बाया सैपाक करताना मूठभर तांदूळ बाजूला काढत. ज्याच्या घरी अडचण, त्याच्या दारात पहाटेच पुडकं ठेवून यायचं, नाव सांगायचं नाही, अशी आमची रीत. त्या पहाटे मी पुडकं ठेवाले वाकली, त लेकराच्या काकानं दार उघडलं. "करणीचे तांदूळ टाकून राहिली, बुढी! हिच्यानंच पोरगं आजारी पडलं!" केस धरून त्यानं मले अंगणात ओढलं. काठी पाठीवर बसली, मंग तोंडावर. दात मातीत पडले. गाव जमला. कोणी म्हणे, "पेट्रोल आन रे, जाळा हिले!" मी रडली नाही. रडून कोन थांबते? कल्ला ऐकून पास्टरची बायको धावत आली आन् माझ्या अंगावर आडवी पडली. पुढची काठी तिच्या हातावर बसली, हाड मोडलं. दुसऱ्या हातानं तिनं सांडलेले तांदूळ मातीसकट तोंडात कोंबले. "पाहा, खाऊन राहिली! करणी असन त मीच मरीन!" लेकराची माय ओरडली, "भाऊजी, बस करा! लेकराले दवाखान्यात न्या!" तवा काठी थांबली. लेकराले दवाखान्यात नेलं, ते वाचलं. माझी पाठ अजून सरळ होत नाही. हे वाचनाऱ्याले येवढंच मागते, कोणाले द्याचं असन त दिवसा जा, आवाज द्या, आन् हातात द्या.