मामांनी पाडलेला भाव

आमच्या घरात काहीही विकत घ्यायचं असलं की माझे सासरे खांद्यावर टॉवेल टाकून सगळ्यांच्या पुढे निघतात. मग तो फ्रीज असो, घराला द्यायचा रंग असो, की लेकीचे शाळेचे बूट. मी त्यांना मामा म्हणते. मामा कंधारजवळच्या एका गावचे शेतकरी. ट्रॅक्टर येण्याआधी त्या भागात कुणालाही बैल घ्यायचा असला की मामांना सोबत घेतल्याशिवाय तो बाजाराला जात नसे. लाल कंधारी बैलाच्या नुसत्या चालीवरून ते त्याचं वय, त्याचा स्वभाव आणि त्याच्या मालकाची नड ओळखत, अशी त्यांची ख्याती होती. पुढे गुडघे बोलायला लागले, जमीन बटईने दिली आणि मामा नांदेडला आमच्याकडे राहायला आले. बैल सुटले, पण भाव करायची खोड काही सुटली नाही.

त्यांची पद्धत ठरलेली आहे. जे पसंत पडलंय त्याला आधी भरपूर नावं ठेवायची. मनातून तो बैल त्यांनी केव्हाच गोठ्यात बांधलेला असतो, पण तोंडाने मात्र "मागचा पाय ओढून राहिला", "नजर चांगली न्हाई", "मारका दिसतोय" असं चालू. मालक पुरता खचला की मग टॉवेलाखाली त्याचा हात धरून बोटांनी भाव सांगायचा. मला बघायला आले तेव्हाही त्यांनी हेच केलं. पोहे खाऊन झाले, चहा झाला आणि चपला घालताना माझ्या वडिलांना म्हणाले, "पोरगी लई किडकिडी हाय. बघू." माझी आई आत जाऊन रडली. आठवड्याच्या आत होकार आला. लग्नानंतर मी एकदा धीर करून त्यांना विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "पसंत पडलेल्या मालाची तारीफ करत न्हाईत माय. भाव वाढतोय." त्या दिवशी मी त्यांच्या चहात साखर घातली नाही. त्यांनी तो तसाच प्यायला आणि कपाला नावं ठेवली.

मी लातूरला कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. नवरा नांदेडला नोकरीला, लेक त्याच्याजवळ आणि मामांजवळ. सोमवारी पहाटे मी निघायचे आणि शनिवारी परत यायचे. एसटीने लोहा, अहमदपूर करत जाईपर्यंत माझ्या अंगातले सगळे सांधे एकमेकांची ओळख विसरत. मग आम्ही एक सात वर्षं जुनी छोटी पांढरी गाडी घेतली, माझ्या नावावर. तिने माझं आयुष्यच बदललं. आता मी बुधवारी कॉलेज सुटल्यावर निघून नांदेडला यायचे, लेकीला मांडीवर घेऊन जेवायचे आणि गुरुवारी पहाटे परत लातूरला. आठवड्याच्या मधोमध आई दिसते म्हटल्यावर लेकीची कुरकुर थांबली, आणि मला नोकरी जड वाटेनाशी झाली. त्या गाडीवर माझी नोकरी उभी होती, हे मी कुणाला सांगत नव्हते. सगळ्यांना ते माहीतच होतं.

गाडी घेतली तेव्हाच तिच्या विम्याची मुदत संपत आली होती. स्वस्त विमा कुठे मिळेल म्हणून मी एका दुपारी मोबाइलवर बघायला बसले आणि तिथे माझा नंबर टाकला. एवढीच चूक. त्यानंतर मला इतके फोन आले की वर्गात रासायनिक समीकरण लिहिताना खिशात कंप सुटायचा. एकाच गाडीला प्रत्येकाचा भाव वेगळा. मी मामांना ते सगळं दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून एकदाच बघितलं आणि म्हणाले, "फोटो बघून कोण बैल घेतंय का? चल, माणसासमोर बसू." आणि टॉवेल खांद्यावर गेला.

विमा एजंट माझ्या नवऱ्याचा शाळेतला मित्र. बॅटरीच्या दुकानाच्या वर त्याचं छोटं ऑफिस. त्याने पंखा मोठा केला, पाणी दिलं आणि समजावायला सुरुवात केली. विम्याचे दोन भाग असतात. आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्यासाठीचा एक भाग. तो इंजिनाच्या आकारावर सरकारनेच ठरवून दिलेला.

"त्यात किती कमी होईल?" मामांनी विचारलं.

"काका, त्यात काहीच होत नसतं."

मामांनी त्या भागाकडे पुन्हा पाहिलं नाही. जिथे घासाघीस चालत नाही तिथे त्यांना रस नसतो.

दुसरा भाग आपल्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा. तिथे गाडीचं वय, तिची किंमत, कुठल्या शहरातली आहे, वरून काय काय जोडून घेतलं, असं सगळं मोजतात. आणि वर्षभरात एकदाही भरपाई मागितली नाही, तर पुढच्या वर्षी सूट. मामा खूश झाले. "म्हंजे मार खाऊन गप बसणाऱ्याला बक्षीस! गाडीला आधीच्या मालकाकडं ओरखडा न्हाई बघ. लाव सूट."

एजंटने सांगितलं की ती सूट गाडीची नसते, मालकाची असते. आधीचा मालक आपली सूट घेऊन गेला. वहिनी मालक म्हणून नव्या, त्यांची सुरुवात शून्यापासून.

"बैल गरीब हाय का मारका, ते बैलावर असतंय का मालकावर?" मामांनी माझ्याकडे बघत विचारलं. मी पंख्याकडे बघितलं.

मग आला मालकाचा अपघात विमा. गाडीचा मालक स्वतः चालवताना दगावला तर घरच्यांना ठरावीक रक्कम मिळते. मामा म्हणाले, "हे काढून टाक. ही काय हाणत न्हाई गाडी, बैलगाडीवाला पुढं जातोय हिच्या." एजंट म्हणाला, ते सक्तीचं आहे. मामांनी नाइलाजाने मान हलवली. मला तेव्हा थोडा रागच आला, पण मामांचा भाव रंगात आला की मध्ये बोलून उपयोग नसतो.

शेवटी एजंट म्हणाला, "आता गाडीची किंमत किती धरायची ते बोलू. पाच वर्षांच्या वरच्या गाडीला ती दोघांच्या संमतीनं ठरते."

झालं. संमती हा शब्द मामांच्या कानात पडला आणि ते खुर्चीत पुढे सरकले. बऱ्याच वर्षांनी त्यांना बाजार सापडला होता.

"किंमत? त्या गाडीची? अरे दारं वाजून राहिलीत तिची. चढाला लागली की धापा टाकती. मागची काच वर जात न्हाई. रंग बघ, तोही पांढरा म्हणायचा म्हणून पांढरा." ते एजंटला खाली रस्त्यावर घेऊन गेले, टायरला चपलेने टोचून दाखवलं, बोनेट उघडून आत बघून "छ्या" केलं. गाडीला दात असते तर तेही दाखवले असते. एजंट हसत हसत किंमत थोडी थोडी खाली आणत होता, आणि किंमत उतरेल तसा हप्ताही उतरत होता.

मी म्हटलं, "मामा, हे उलटं होतंय. आपण घेणारे नाही. गाडी आपली आहे."

"तू गप माय. भाव चालू हाय."

एजंटनेही सांगितलं, "काका, किंमत कमी धरली तर हप्ता कमी बसतो. पण उद्या गाडीचं काही झालं तर कंपनी तेवढीच किंमत धरणार."

"गाडीला काय होतंय? दारात उभी असती." मामांनी टॉवेलाखाली त्याचा हात ओढला. एजंटला बोटांची भाषा येत नव्हती, त्यामुळे मामांना आकडा शेवटी तोंडाने सांगावा लागला. पण चेहऱ्यावर जिंकल्याचं समाधान होतं. घरी येताना त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि वाटेत भेटलेल्या दोघांना सांगितलं, की मोबाइलवाल्या पोरांपेक्षा आपण किती स्वस्तात विमा काढला.

गाडीवर त्यांचा जीव मात्र बैलासारखाच होता. मी शनिवारी आले की पहिला प्रश्न, "नीट बांधली का?" उन्हात जनावर बांधू नये, हा त्यांचा नियम. नांदेडचं मे महिन्याचं ऊन म्हणजे पत्र्यावर पापड भाजून निघावा. म्हणून ते मला गाडी नेहमी समोरच्या गुलमोहराखाली लावायला सांगत. कॉलेजला सुट्टी लागली होती, गाडी तिथेच उभी. एका दुपारी आभाळ पिवळं झालं, वावटळ उठली आणि गुलमोहराची सगळ्यात जाड फांदी आमच्या गाडीच्या टपावर बसली. आजूबाजूला कुणी नव्हतं, हे नशीब. गाडीची मात्र कंबर मोडली. मामा अनवाणी बाहेर धावले आणि तिच्या बोनेटवर हात ठेवून उभे राहिले.

विमा कंपनीचा सर्वेअर आला तेव्हा मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते त्याच्या मागेमागे फिरत होते. "साहेब, एक नंबर गाडी होती. दारं बघा, अजून घट्ट. इंजिन तर असं, की चढ हाय का उतार ते आत बसणाऱ्याला मालूम न्हाई." मी दाराच्या चौकटीत उभी राहून ऐकत होते. पोट दुखेपर्यंत हसू येत होतं आणि रडूही.

सर्वेअर सभ्य माणूस होता. त्याने सांगितलं, दुरुस्ती होण्यासारखी आहे. पण दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या पाऊण हिश्श्याच्या वर गेला, की कंपनी गाडी पूर्ण गेली असं धरते आणि ती धरलेली किंमत देऊन मोकळी होते. आमच्या गाडीची किंमत इतकी कमी लिहिली होती, की खर्च सहज त्याच्या वर गेला. किंमत नीट धरली असती तर ती दुरुस्त होऊन परत आली असती.

"एवढी कमी कुणी लावली हो?" त्याने विचारलं.

 मामांनी टॉवेल खांद्यावरून काढला, घडी केली आणि आत नेऊन ठेवला.

कंपनीचे पैसे आले, पण त्यात धड गाडी येत नव्हती. जून लागला, कॉलेज सुरू झालं, मी परत एसटीत. बुधवारचं येणं बंद पडलं. पहिल्या बुधवारी लेकीने फोनवर काही विचारलं नाही, नुसती जेवलीस का म्हणाली, आणि मी त्या दिवशी खरंच नोकरी सोडायचा विचार केला. नवऱ्याचं मत विचारलं तर तो वडिलांच्या खोलीकडे बघायला लागला. तीच त्याची सवय.

त्या शनिवारी उमरीहून आत्याबाई आल्या. मामांची थोरली बहीण. घरात काय चाललंय हे त्यांना सांगावं लागत नाही. जेवणं झाली आणि त्यांनी विषय काढला. "आता बास की. लेकरू इकडं, माय तिकडं. गाडी गेली ते बरंच झालं. सोडून दे नोकरी."

मला वाटलं, मामा नेहमीसारखं हूं म्हणतील. कारण आल्यागेल्याला तेच तर सांगत आले होते. सून काय करते, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "कसली नोकरी, सगळा पगार पेट्रोलात जातोय." आत्याबाईंनीही तेच वाक्य पुढे केलं. "तूच म्हणतोस की पगार पेट्रोलात जातोय. मग ठेवलीय कशाला?"

मामा पानाचा देठ खुडत होते. तो हातातच राहिला. आपण पाडलेला भाव समोरच्याने खरा धरला, हे त्यांच्या ध्यानात आलेलं मला स्पष्ट दिसलं. एका उन्हाळ्यात दुसऱ्यांदा.

"अक्का," ते म्हणाले, "ते म्या बाजारातलं बोलत होतो. कुणाची नजर लागू न्हाई म्हणून. हिनं शिकवलेली पोरं डॉक्टर हुन राहिलीत. नोकरी सोडायची न्हाई."

आत्याबाईंनी मग मला मेथीची भाजी कशी करतेस ते विचारलं. मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. उठून ओट्याशी गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

कंपनीचे पैसे, माझी भिशी आणि नवऱ्याची थोडी शिल्लक मिळून आम्ही दुसरी गाडी घेतली. आधीच्या गाडीपेक्षा म्हातारी, मळक्या तांबड्या रंगाची. मामा म्हणाले, रंग कंधारी हाय, टिकेल. पुन्हा आम्ही बॅटरीच्या दुकानावरचा जिना चढलो. मामांना गुडघ्यामुळे वेळ लागला. टॉवेल त्यांनी घरीच ठेवला होता.

एजंटने सावधपणे विचारलं, "काका, किंमत किती धरू?"

"बसती तेवढी पुरी धर."

मी माझी सूट पुन्हा शून्य झाल्याचं ऐकून घेतलं. इंजिनात पाणी गेलं तर त्याची भरपाई, सुटे भाग जुने म्हणून पैसे न कापण्याची सोय, अशा जादाच्या गोष्टी एजंटने वाचून दाखवल्या, आणि मामा एकेका गोष्टीचा अर्थ विचारून घेत होते. हप्ता वाढत गेला. त्यांनी एकदाही घासाघीस केली नाही. मलाच चुकल्यासारखं झालं.

शेवटी मालकाच्या अपघात विम्याचा भाग आला. मामा थांबले.

"हिला काही झालं तर जे देतात, ते?"

"हो काका."

"हिची किंमत कोण ठरवतंय?"

"ती ठरलेलीच असते. कुणीही मालक असो, रक्कम सगळ्यांना सारखी."

मामांनी एजंटकडून आकडा विचारून घेतला. मग माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदा बघायला आले होते तसं, वरपासून खालपर्यंत.

"कमी धरलीय," ते म्हणाले.