मार कर्णधाराचा

केनवडच्या शेषराव तायड्यांचं नाक डावीकडे वाकलेलं आहे. ते वाकवलं त्यांच्या वस्तादानं, भिवाजीनं. शेषराव तेव्हा सतरा वर्षांचे होते. कबड्डीच्या सरावात त्यांनी एक पकड मधेच सोडली, आणि भिवाजीनं कोपराचा असा फटका दिला की हाड मोडल्याचा आवाज बाकीच्यांनीही ऐकला. बनियन रक्तानं भिजलं. भिवाजी म्हणाला, "आता नाई सोडनार." आणि शेषरावांनी खरंच पुन्हा कधी पकड सोडली नाही. ही हकिकत ते नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतात, नाकावर बोट ठेवून, पदक दाखवावं तशी. पोरं हसत नाहीत, कारण तोवर त्यांनी सरांच्या हातातली चिंचेची ओली फोक पाहिलेली असते.

माणूस तसा शाळेतला शिपाई. सकाळी घंटा देतो, फळ्याला काळा रंग लावतो, तेव्हा त्याला सगळे 'मामा' म्हणतात. संध्याकाळी पाचला हाच मामा खाकी उतरवून बौद्धवाड्यामागच्या मैदानावर उभा राहिला की त्याचा 'सर' होतो. तीस वर्षं हे चाललंय. वाड्यातली, गावातली, सगळ्या घरांतली पोरं या मैदानावर लोळली. त्यातली कितीतरी पोलिसात गेली, काही सैन्यात गेली. म्हणून आईबापांनी फोकेबद्दल कधी तोंड उघडलं नाही. उलट पोरगं सोपवताना सांगायचे, "हाडं आमची, चामडं तुमचं." असल्या उदारपणाचा मला राग येतो. चामडं पोराचं असतं, हे कोणाच्याच ध्यानात येत नाही.

शेषरावांची एक पद्धत होती, आणि तिच्यावर त्यांचा जीव होता. चूक कोणाचीही असो, मार कर्णधारानं खायचा. कोणी दम सोडला, कोणी बोनस रेषेवर झोपला, कोणी उशिरा आला, की खेळ थांबायचा. कर्णधार आपणहून पुढे यायचा, उजवा तळहात समोर धरायचा, आणि फटके स्वतःच मोठ्यानं मोजायचा. एक, दोन, तीन. ज्याची चूक तो समोर उभा राहून नुसता बघायचा. भल्याभल्या आडदांड पोरांना हे बघणं सहन व्हायचं नाही. दुसऱ्या दिवशी ती चूक होत नसे. तीस वर्षांत एकही कर्णधार पळाला नाही, हात मागे घेतला नाही.

मागच्या वर्षी संघ जिल्ह्यात पहिला आला. वाशीमच्या सत्काराला एका पाहुण्यानं माईक पुढे करून विचारलं, "तायडे सर, नेतृत्व कसं घडवता? दोन शब्द सांगा." शेषराव म्हणाले, "फोकेनं." टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. खुर्चीवर बसलेला कर्णधार अश्वजित मात्र हसला नाही. त्याच्या उजव्या तळहातावर घट्ट्यांची आडवी ओळ होती, आणि ती कबड्डीनं आलेली नव्हती.

अश्वजित वानखडे, वय बावीस. चार वर्षं कर्णधार, डावा कोपरा सांभाळणारा, पोलीस भरतीची तयारी करणारा. घोट्याची पकड अशी की चढाईला आलेल्याचा पाय एकदा हातात आला की सुटणं नाही. शेषरावांना मूलबाळ नाही. त्यांच्या बायकोनं, विमलबाईंनी, चारदा तरी म्हटलं असेल, "पोराले इतकं मारता, मंग त्याच्यासाठी तूप कायले ठेवता?" शेषराव ऐकून घेत. तूप मात्र रोज काढून ठेवत.

मग दिवाळीआधीचे मानोऱ्याचे खुले सामने आले.

अंतिम सामना मानोऱ्याजवळच्या एका तांड्याच्या संघाशी होता. त्यांचा चढाईवाला प्रेमसिंग राठोड. अंगानं किडकिडीत, पण पायात वारं भरलेलं. पहिल्या डावात त्यानं केनवडवाल्यांवर दोन लोण चढवले. येताना टाच मारायचा, जाताना छातीवर लाथ देऊन मध्यरेषा ओलांडायचा. केनवडच्या विकासचा ओठ फाटला. दुसऱ्या एकाचा दात मातीत पडला, तो त्यानं उचलून खिशात घातला आणि परत उभा राहिला. मैदानाभोवतीचे हजारभर लोक बांबूच्या कठड्यावर चढून ओरडत होते. केनवड चौदा गुणांनी मागे होतं.

मध्यंतरात शेषरावांनी अश्वजितला बाजूला घेतलं. शिव्या दिल्या नाहीत, फोक उगारली नाही. कानाशी लागून फक्त एवढंच म्हणाले, "त्याचा पाय धरला का पिळजो. पुन्हा उठला नाई पाह्यजे."

अश्वजितनं त्यांच्याकडे बघितलं. "सर, मोडन तो."

"मले आयकू आलं नाई," शेषराव म्हणाले.

दुसऱ्या डावाच्या तिसऱ्या चढाईला प्रेमसिंग डाव्या कोपऱ्यात शिरला. अश्वजितनं घोटा धरला. पंचाची शिट्टी झाली, गडी बाद झाला, पकड संपली. अश्वजितनं त्यानंतर घोटा पिळला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. प्रेमसिंग किंचाळला. त्याचं पाऊल भलत्याच दिशेला वळलेलं होतं, आणि घोट्याजवळून पांढरं काहीतरी बाहेर आलं होतं.

मग कठड्यावरचे लोक खाली उतरले. त्यात तांड्यावरचे होते, गावातले होते, आणि नुसती मजा बघायला आलेलेही होते. त्यांनी कठड्याचे बांबू उपसले. केनवडची पोरं टेम्पोकडे पळाली. विकासच्या पाठीत दगड बसला. शेषरावही टेम्पोच्या फळीपर्यंत पोचले आणि मागे वळले. अश्वजित पळाला नव्हता.

तो मैदानाच्या मधोमध उभा होता. चार वर्षांची सवय. चूक झाली की कर्णधारानं पुढे यायचं. त्यानं उजवा तळहात समोर धरला होता.

त्या जमावाला काय कळणार त्या हाताचं! त्यांना वाटलं हा थांबा म्हणतोय, नाहीतर आव्हान देतोय. पहिला बांबू त्या हातावरच पडला. अश्वजित म्हणाला, "एक." दुसरा मनगटावर बसला. "दोन." तिसऱ्याला मनगट लोंबलं, आणि आकडा त्याच्या तोंडातून नीट निघाला नाही. मग त्याला खाली पाडून तुडवलं. एकानं केस धरून मान वर केली. "कोन सांगतलं बे तुले पाय मोडाले? बोल, कोन सांगतलं?"

रक्तानं भरलेले डोळे अश्वजितनं टेम्पोकडे वळवले. शेषराव तिथं वीस पावलांवर होते. त्यांना प्रश्न स्वच्छ ऐकू आला होता. उत्तर त्यांच्याजवळच होतं, जिभेवर होतं. नुसतं 'मी' म्हणायचं होतं. आयुष्यभर पकड न सोडणाऱ्या या माणसाचा हात टेम्पोच्या फळीवरून सुटला नाही.

"कोनी नाई," अश्वजित म्हणाला. "मीच."

तांड्याचा म्होरक्या, ज्याला तिथं नायक म्हणतात, तो मधे आडवा पडला म्हणून पोरगा जिवंत राहिला.

कारंज्याच्या एका दवाखान्यात त्याच्या मनगटात स्टीलची पट्टी बसवली. डॉक्टर म्हणाले, चार महिन्यांत हात कामाचा होईल. भरतीचं मैदान पाच महिन्यांवर होतं, म्हणजे गोळाफेक निभली असती. पण तांड्याकडून निरोप आला की रविवारी बैठक आहे, आणि सोमवारी ठाण्यात अश्वजितच्या नावानं तक्रार जाणार आहे. शिट्टीनंतर पाय मोडला, हे हजार लोकांनी पाहिलं होतं. पोलिसात जायला निघालेल्या पोरावर पोलिसातच गुन्हा चढला, तर पुढं काय राहतं? हाड जुळून येईल, कागदावर चढलेलं नाव खाली उतरत नाही.

शेषराव भेटायला गेले तेव्हा अश्वजित भिंतीकडे तोंड करून पडला होता. "बरं हाय, मामा," एवढंच बोलला. मैदानावरच्या पोरानं पहिल्यांदा त्यांना मामा म्हटलं. शेषरावांच्या कानशिलात कोणी ठेवून दिली असती तर इतकं लागलं नसतं.

शनिवारी जेवताना विमलबाईंनी ताट वाढलं आणि समोर बसल्या. "त्याले कोन सांगतलं होतं?"

शेषरावांनी घास खाली ठेवला.

"मले वाटलंच," विमलबाई म्हणाल्या. "पोट्ट्यानं तुमचा मार खाल्ला, अन् तुमी जेवून राह्यले."

रविवारी सकाळी शेषराव एकटेच एसटीनं मानोऱ्याला गेले आणि तिथून तांड्यावर चालत गेले. सोबत काही नव्हतं, फक्त फोक होती. आदल्या संध्याकाळी चिंचेवरून नवी काढून पाण्यात भिजवून ठेवलेली. रस्त्यानं त्यांना दोनदा परत फिरावंसं वाटलं. दीड वर्षात निवृत्ती होती. तीस वर्षांचं नाव होतं. तेवढं सगळं त्या एका शब्दावर उधळायचं होतं, आणि त्यांना भीती वाटत होती.

लिंबाखाली माणसं जमली होती. प्रेमसिंग बाजेवर होता, पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. त्याची आई हिरीबाई पायथ्याशी बसलेली. केनवडचा मास्तर आला म्हटल्यावर दोघे-तिघे तरणे उठून अंगावर धावले. एकानं गळपट्टी धरून शेषरावांना जमिनीवर आपटलं. तोंडात माती गेली. नायकानं सोडवलं तेव्हा ते उठले आणि उभ्याउभ्याच बोलले.

"अश्वजितनं पाय मोडला, पण मोडाले म्या सांगतलं होतं. मध्यंतरात, कानात. तो मोडन म्हणे, तं म्या आयकून नाई आयकल्यासारखं केलं. त्यानं मार खाल्ला तवा म्या टेम्पोपाशी उभा होतो. बोललो नाई." मग त्यांनी फोक बाजेवर ठेवली. "आमच्याकडं चूक कोनाची बी असो, मार कर्णधार खाते. ह्या चुकीचा कर्णधार मी हाव."

आणि त्यांनी उजवा तळहात समोर धरला.

प्रेमसिंगनं फोक हातात घेतली, वाकवून पाहिली. "यानं मारत होते तुमी तुमच्याच पोराईले?" त्याच्या आवाजात रागापेक्षा किळस जास्त होती. त्यानं फोक टाकून दिली.

हिरीबाईनं ती उचलली. "माह्या लेकाच्या पायावर घर होतं," ती म्हणाली. "पंधरा दिसानं ऊसाले जायाचं होतं. आता कोयता कोन धरन? तू धरतं?" आणि तिनं मारलं. ऊस तोडलेला हात होता तो. पहिल्याच फटक्याला कातडं उकललं.

"एक," शेषराव म्हणाले.

ती थबकली. मग तो आकडा ऐकून तिचा राग दुप्पट झाला. तिनं तळहातावर मारलं, मनगटावर मारलं, दंडावर, मानेवर, मोडक्या नाकावर मारलं. कोणी आवरलं नाही. शेषराव मोजत राहिले. अकराला हात खाली गेला, तो त्यांनी डाव्या हातानं उचलून धरला. तीस वर्षं त्यांनी हे आकडे ऐकले होते, आणि ते म्हणायला किती दम लागतो ते त्यांना आज कळत होतं. सतराला फोक उभी चिरली. हिरीबाई तुकडे टाकून बाजेशी बसली आणि लेकाच्या प्लास्टरवर डोकं ठेवून रडू लागली.

नायकानं विचारलं, "मंग तक्रार तुमच्या नावानं?"

"माह्याच नावानं लिहा. पोराचं नाव त्यात नको."

सोमवारी तक्रार शेषरावांच्याच नावानं झाली, आणि त्यांनी ठाण्यात जबाब दिला. उजवा हात चालत नव्हता, म्हणून डाव्या हाताचा अंगठा उठवला. मंगळवारी शाळेनं त्यांना घरी बसायला सांगितलं. संध्याकाळी पाचला ते मैदानावर गेले, कारण त्या वेळी दुसरीकडे कुठं जायचं ते त्यांना माहीत नव्हतं.

पोरं आली होती. अश्वजितही आला होता, गळ्यात हात अडकवून, कडेला उभा. तांड्यावरची बातमी सगळ्यांना कळली होती. खेळ सुरू झाला. सहाव्या चढाईला विकासचा पाय रेषेबाहेर गेला, आणि नेहमीसारखा खेळ थांबला.

अश्वजित कडेवरून चालत मधे आला. उजवा हात झोळीत होता, म्हणून त्यानं डावा तळहात समोर धरला.

"हात खाली घे," शेषराव म्हणाले.

हात तसाच राहिला.

"अश्वजित, घे ना बाप्पा खाली. फोक नाई आनली म्या. आता नाई आननार."

"मामा," अश्वजित म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, पण हात हलत नव्हता. "पुढं कराले शिकोलं तुमी. खाली घ्याले कोनी शिकोलंच नाई."

शेषराव रडले, सगळ्या पोरांसमोर. मग आपल्या सुजलेल्या हातानं त्यांनी तो तळहात धरला आणि हळूहळू खाली आणला. दोन्ही हात दुखत होते, म्हणून वेळ लागला. विकास रेषेबाहेर उभा राहून बघत होता.

"चढाई कोनाची?" शेषरावांनी विचारलं, आणि खेळ पुढं सुरू झाला.