चतुर्थी, बर्फ आणि एक घोट पाणी

३ फेब्रुवारी. लोकरीचे कपडे गच्चीवर उन्हात घालत होते. काठी हाताशी ठेवावी लागते, बनारसमधल्या आमच्या दूधविनायक मोहल्ल्यातली माकडं मोजेसुद्धा सोडत नाहीत. माझ्या जाकिटाच्या खिशात दवाखान्यातला एक घडी केलेला कागद मिळाला. वर लिहिलं होतं, ‘अक्यूट माउंटन सिकनेस’. म्हणजे भराभर उंचावर गेल्यामुळे, हवा विरळ असल्यामुळे होणारा आजार. कागद माझ्या जाऊबाईंचा होता. त्यांना मी वहिनी म्हणते. चूक माझी होती, म्हणून हे लिहून ठेवते. आपल्यातल्या आणखी बायका बर्फात जायचं म्हणताहेत, त्यांच्या उपयोगी पडेल.

स्कीइंग शिकायची हौस वहिनींची. वय एकसष्ट, शाळेतून निवृत्त. संकठा घाटाच्या पायऱ्या रोज दोनदा उतरून चढतात, तेव्हा आम्हाला काय होणार, असं दोघींनाही वाटत होतं. सकाळी बनारसहून विमानानं निघालो आणि संध्याकाळी गुलमर्गला पोचलो. म्हणजे गंगेच्या काठावरून एका दिवसात साडेआठ हजार फुटांवर. पायऱ्या चढायची सवय इथे कामाला येत नाही, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती, पौषातली. आपल्याकडे संकष्टीला साबुदाणा चालतो. पण बनारसच्या बायका ही एक चतुर्थी मुलांसाठी निर्जळ धरतात, आणि तीन पिढ्या त्यांच्या शेजारात राहून आमच्या घरातही तीच पद्धत आली आहे. वहिनींनी पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतला नाही. मी घेतला. मला मुलगी आहे, आणि ती म्हणते तिच्यासाठी उपाशी राहू नकोस.

सकाळी उतारावर शिकवणी झाली. दुपारी आम्ही गंडोल्यानं, म्हणजे तारेवरच्या पाळण्यानं, आणखी वर जाऊन आलो. खाली उतरताना वहिनी म्हणाल्या, डोकं ठणकतंय. मी म्हटलं, पित्त. आमच्या घरात उपासाच्या दिवशी दुखणाऱ्या डोक्याला दुसरं नावच नाही. मग त्यांना उलटी झाली. मी म्हटलं, बघा, पित्तच. त्या बर्फावर दोन पावलं तिरक्या गेल्या तेव्हा मी हसून म्हटलं, “वहिनी, पायातल्या स्कीच्या पट्ट्या काढल्या, तरी अजून घसरताय.”

त्या हसल्या नाहीत. एरवी माझं एक वाक्य उधार ठेवत नाहीत.

आमचे शिकवणारे गृहस्थ पन्नाशीचे, तिथलेच. त्यांनी वहिनींना बुटाची कडी काढायला सांगितली. वहिनींना ती सापडेना. त्या गृहस्थांनी मला काही विचारलं नाही, सरळ गाडी बोलावली आणि दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी बोटाला ऑक्सिमीटर लावलं, रक्तातला प्राणवायू मोजायचं चिमट्यासारखं यंत्र. मग फरशीच्या सांध्यावर टाचेला चवडा लावून चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला वहिनी कलल्या. मी धरलं. डॉक्टर म्हणाले, डोकेदुखी आणि उलटी एवढ्यावर थांबलं असतं तर विश्रांती पुरली असती. पण तोल जातोय, म्हणजे मेंदूला सूज यायला सुरुवात झाली असू शकते. याला सेरेब्रल एडिमा म्हणतात. आता लगेच खाली न्यायचं. उशीर झाला तर रुग्ण बेशुद्ध होतो, जिवावरही बेततं. मी विचारलं, उपासामुळे? ते म्हणाले, उपासामुळे आजार होत नाही, उपासामुळे तो ओळखू येत नाही.

त्यांनी सूज उतरायचं इंजेक्शन दिलं, प्राणवायूची नळी लावली आणि एक गोळी पुढे केली. वहिनींनी ती मुठीत धरून ठेवली. चंद्र दिसल्याशिवाय पाणी नाही.

डॉक्टरांना वाटलं, ऐकू आलं नाही. मी समजावून सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “माताजी, चाँद नीचे भी निकलेगा.” खाली उतरायला वहिनी तयार झाल्या. पण पाण्याला नाहीच.

मी वाद घातला नाही. बंगळूरला मकरंदला, त्यांच्या मुलाला, फोन लावला आणि त्यांच्या कानाशी धरला. तो मोठ्यानं बोलतो, मलाही ऐकू आलं. “आई, उपास माझ्यासाठी ना? मग मीच सांगतोय, पाणी पी. जो होगा, मैं भुगत लूँगा.”

वहिनींनी फोन कानावरून दूर सारला. मग म्हणाल्या, “याला भुगतायचं काय कळतं.” आणि पेला घेतला.

उजेड असतानाच श्रीनगरला निघालो. चाकांना साखळ्या, नळी वहिनींच्या नाकाला, माझा हात त्यांच्या मनगटावर. डोंगराच्या पायथ्याचं टंगमर्ग मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, गीझर बंद केला होतास का? डोकं ताळ्यावर येतंय, हे तेव्हा मला कळलं.

एवढंच सांगते. वर पोचल्यावर पहिला दिवस काही करू नका. डोकं दुखलं तर पित्त म्हणू नका, आधी उंचीवर संशय घ्या आणि आणखी वर जाऊ नका. सोबतीण तिरकी चालली तर हसू नका, खाली उतरवा. निर्जळ उपास गंगेच्या घाटावर करा. तो कागद मी औषधांच्या डब्यात ठेवलेला नाही, पंचांगात ठेवला आहे, पौषाच्या पानात. त्या शिकवणाऱ्या गृहस्थांना मी आभाराचं पत्र धाडलं आहे. माझ्यासमोर जे होतं ते त्यांनी पाहिलं.

त्या दिवशी श्रीनगरच्या इस्पितळात वहिनींना रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. झोपण्यापूर्वी मी त्यांना म्हटलं, पित्त म्हणाले ते चुकलं. त्या म्हणाल्या, “तू म्हणाली नसतीस तर मी म्हणाले असते.”

सकाळी सहाला मी त्यांना उठवलं. खोलीबाहेरच्या लांब व्हरांड्यात फरशीची सरळ रेघ होती. त्या पुढे, मी मागे, हात न लावता. टाचेला चवडा, टाचेला चवडा. वीस पावलं मी मोजली. मग त्यांना बाकावर बसवलं आणि दोन चहा आणायला गेले.